खांदेपालट

मराठी भाषेने माणसाच्या खांद्यावर जरा जास्तच विश्वास टाकला आहे. जबाबदारी आली की ती खांद्यावर येते, संसार दोघांनी खांद्याला खांदा लावून करायचा असतो, बंदूक चालवायची तीही दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून, आणि शेवटचा प्रवास तर चौघांच्या खांद्यावरूनच व्हायचा असतो. हे सगळं ऐकून वाटावं, की निसर्गाने हा अवयव खास ओझी वाहण्यासाठी घडवला असणार. अस्थिरोगतज्ज्ञ मात्र वेगळंच सांगतात. खांदा हा शरीरातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा आहे, आणि फार फिरणाऱ्या माणसाचं जे होतं तेच त्याचंही झालंय: बूड स्थिर नाही. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत मुरून बसतो. खांद्यातल्या खाचेलाही पुस्तकं वाटीच म्हणतात, पण ती खरं म्हणजे बशी आहे, आणि बशीत ठेवलेला चेंडू घरंगळू नये म्हणून भोवतीच्या स्नायूंना दिवसभर पहारा करावा लागतो. धडाशी हाताचं हाडामांसातलं नातं म्हणावं तर त्यातलं हाड एकच, गळ्याखालचं कॉलरबोन. बाकी हात, दंड, पाठीवरचा फरा हे सगळं स्नायूंच्या भरवशावर लटकलेलं. अशा बांधकामावर आपण नऊ किलोचं लेकरू टांगतो आणि महिन्याभराने चारचौघांत आश्चर्य व्यक्त करतो, की खांदा का बरं दुखत असेल?

अशा दुखऱ्या खांद्याचे आईबाप जेव्हा बेबी स्लिंग किंवा कॅरिअर, म्हणजे मूल अंगावर बांधायची झोळी, विकत घ्यायला निघतात तेव्हा खरेदीत अख्खं घर सामील होतं. आत्याला रंग मळखाऊ हवा असतो. आजोबा किमतीचा आकडा चष्मा काढून एकदा आणि लावून एकदा वाचतात. बाळाला जिराफ आवडतो असा शोध कुणीतरी लावलेला असतो, बाळाला अजून स्वतःची मूठ आपली आहे हेही कळलेलं नसताना. बापाला त्या झोळीला मोबाइलसाठी खिसा आहे का याची चिंता. ज्याच्या अंगावर हे सगळं चढणार त्याच्या खांद्याची विचारपूस तेवढी राहून जाते. खोक्यावर समुद्रकिनारी उभ्या असलेल्या एका हसऱ्या आईचा फोटो असतो. तिचा खांदा दुखत नाही, कारण फोटो निघाल्यावर बाळ ज्याचं त्याला परत दिलेलं असतं. माझं म्हणणं असं, की झोळी बाळाच्या नावाने विकली जात असली तरी ती मोडते मोठ्या माणसाच्या कपड्यांत. बाळाच्या सुरक्षिततेचे नियम आहेत, ते पाळायचेच, त्यात घासाघीस नाही. पण त्या कसोटीला उतरलेल्या पाच-सहा झोळ्यांतून एक निवडायची वेळ आली, की ती चपलेसारखी, घालणाऱ्याच्या मापाने निवडावी. आणि घालणाऱ्याचा खांदा दुखरा असेल तर त्याने खांद्याचे पट्टे बघण्याआधी कमरेचा पट्टा बघावा.

हा सल्ला उलटा वाटेल, पण खांद्याला फारशी तसदी न देता मूल अंगावर वागवायची रीत जगात जुनी आणि चांगली रुळलेली आहे. कोरियातली पारंपरिक पोदेगी म्हणजे एक जाडसर, रुंद कापड. ते पाठीवरच्या मुलासकट आईच्या छातीभोवती गुंडाळून पट्ट्याने आवळतात, खांदे मोकळेच. पश्चिम आफ्रिकेतल्या आया मूल पाठीवर घेऊन कापड काखेखालून पुढे आणतात आणि छातीशी खोचतात, तिथेही खांद्याला काम नाही. १९६०च्या दशकात ॲन मूर नावाची अमेरिकन परिचारिका पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक संस्थेतर्फे टोगोत गेली, तिने हे पाहिलं आणि घरी परतल्यावर आपल्या मुलीवर तो प्रयोग केला. मुलगी काही पाठीवर टिकेना, घसरू लागली. तेव्हा मूरबाईंनी आपल्या आईच्या मदतीने पट्टे असलेली पिशवी शिवली, १९६९ साली तिचं पेटंट घेतलं आणि ‘स्नग्ली’ या नावाने ती अमेरिकाभर खपली. कल्पना फारच चांगली, पण टोगोहून अमेरिकेला येताना वाटेत मूल धडावरून उतरून खांद्यावर गेलं. गंमत म्हणजे त्याच अमेरिकेत उलटा प्रवास आधीच सुरू झाला होता. १९५२ साली कॅलिफोर्नियात डिक केल्टी याने डोंगरात फिरणाऱ्यांसाठी ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या सॅक विकायला सुरुवात केली आणि पाठीवरचा भार कमरेवर उतरवायची सोय गिर्यारोहकांच्या अंगवळणी पाडली. राजगड-तोरणा करणारा कोणताही ट्रेकर आज हे जाणतो. बारा किलोची सॅक उचलली की तो आधी कमरेचा पट्टा आवळतो, मग खांद्याचे. तोच गडी बाप झाला की मुलाला मात्र खांद्याच्या दोन पट्ट्यांवर लोंबकळत ठेवतो, आणि कमरेचा पट्टा पोटाखाली सैल सोडतो, दाराला तोरण लावल्यासारखा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो आणि तो बहुधा घरातूनच येतो: आमच्या वेळी कुठे होते हे पट्टे? चार-चार मुलं वाढवली, कधी खांदा धरला नाही. हा आक्षेप आदराने ऐकावा, कारण त्यातलं अर्धं खरं आहे आणि ते अर्धं आमच्याच बाजूचं आहे. मराठी बाईने मूल खांद्याला टांगलंच नव्हतं. तिने ते कडेवर घेतलं, आणि ही कड कमरेची. खुब्याच्या हाडावर बूड टेकवलं की भार ओटीपोटाच्या हाडांवरून सरळ पायांत उतरतो. हात फक्त मूल सरकू नये म्हणून. कळशीही तिथेच बसायची, म्हणून तर काखेत कळसा असून गावाला वळसा घालता येतो. खांद्यावर असता तर विसर पडला नसता. आणि झोळी? ती आपल्याकडे माणसाला सहसा बांधली नाही. ती बांधली शेताच्या बांधावरच्या बाभळीला, ऊसतोडीच्या फडाशेजारच्या झाडाला, नाहीतर घराच्या आढ्याला. फांदीला फ्रोजन शोल्डर होत नाही. शिवाय आत्या, काकू, मोठी बहीण असे मूल घ्यायला सात-आठ हात घरात होते, म्हणजे भाराची वाटणी पट्ट्यांनी नाही तर माणसांनी केली होती. राहिलं ते ‘कधी खांदा धरला नाही’ हे विधान. खांदा धरत होता, फक्त त्याला वात म्हणत आणि तेल लावून झोपत. तक्रार नव्हती असं नाही, तक्रार नोंदवायची खिडकी नव्हती.

याच आक्षेपाला जोडून झाशीच्या राणीचा दाखला हमखास येतो. मूल पाठीला बांधून, घोड्यावर बसून, हातात तलवार, आणि तुम्हाला साधं बाजारात जाता येत नाही? पुतळ्यांमध्ये राणीच्या पाठीवर तान्हं किंवा दोन-तीन वर्षांचं मूल दाखवतात. प्रत्यक्षात दामोदरराव १८५३ साली दत्तक आले तेव्हाच चार-पाच वर्षांचे होते, आणि १८५८ मध्ये झाशी सोडायची वेळ आली तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. त्या वयाचं मूल सहज वीस-बावीस किलोचं असतं, आणि आजची चांगली कॅरिअरसुद्धा साधारण वीस किलोपर्यंतचीच हमी देतात. म्हणजे राणीसाहेबांचा पराक्रम आपण समजतो त्याहून मोठा होता, पण तो कुठल्याच गॅरंटी कार्डात बसत नाही. दाखला म्हणून तो वापरू नये, एवढंच.

भाराचा विषय निघालाच आहे तर थोडे आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या तक्त्यांप्रमाणे मुलग्याचं मधलं वजन सहाव्या महिन्यात आठ किलोच्या आसपास, वर्षाला साडेनऊ, दोन वर्षांना बारा किलोच्या वर. मुली किंचित हलक्या. झोळी विकत घेतली जाते ती मूल तीन-साडेतीन किलोचं असताना, आणि तेव्हा कुठलीही झोळी सुखाचीच वाटते. त्या वजनाला नारळाची पिशवीही खांदा दुखवत नाही. पण वजन हा अर्धाच हिशेब आहे. उरलेला अर्धा अंतराचा. झाडू एका टोकाला धरून आडवा उचलून बघा आणि मग मधोमध धरून बघा. झाडू तोच, मनगटाचं मत बदलतं. मूल छातीशी घट्ट आणि उंच बांधलेलं असेल तर त्याचा भार शरीराच्या मध्याजवळ राहतो. सैल, पोटापर्यंत लोंबणाऱ्या झोळीत तेच मूल पुढे ओढत राहतं, आणि त्या ओढीला मागून लगाम घालायचं काम मानेपासून खांद्याकडे उतरणाऱ्या स्नायूच्या माथी येतं. मुलाचं तोंड पुढे करून त्याला जग दाखवणाऱ्यांनी हे विशेष ऐकावं. जग बघायला निघालेलं मूल हातपाय पसरून पुढे झुकतं, आणि जगाचा भार मागच्याला सोसावा लागतो.

इथे बाळाचे नियम आणि खांद्याचे नियम एकाच ठिकाणी येऊन मिळतात, ही या विषयातली सुखद बातमी. बाळाचा चेहरा कायम दिसला पाहिजे, मान वाकवली की टाळूची पापी घेता यावी इतकं ते वर हवं, हनुवटी छातीत रुतलेली नको, पाठीला आधार हवा, गुडघे बुडापेक्षा किंचित वर हवेत. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगबद्दल जाहीर इशारा दिला तो चार महिन्यांखालच्या बाळांच्या गुदमरण्याबद्दलच होता. खोल, पिशवीसारख्या झोळीत मूल वाकतं, मान दुमडते आणि श्वास कोंडतो. कमी दिवसांचं किंवा आजारी बाळ असेल तर झोळीआधी डॉक्टरांना विचारायचं, दुकानदाराला नाही. पण बघा, बाळाच्या श्वासासाठी जे उंच आणि घट्ट बांधायचं, तेच पालकाच्या खांद्यासाठीही बांधायचं. सैल आणि खाली कुणाच्याच फायद्याचं नाही.

आता दुखण्याकडे. ‘खांदा दुखतो’ या एका वाक्यात निदान तीन वेगळी माणसं बोलत असतात. एकाची मान आणि वरचा स्नायू आवळलेला असतो. त्याला पट्टा रुंद हवा, मानेला न चिकटणारा आणि पाठीवर फुलीसारखा तिरका जाणारा, म्हणजे भार फऱ्यांवर पसरतो. दुसऱ्याचा एकच खांदा बिघडलेला असतो. तो मोठ्या युक्तीने एकखांदी रिंग स्लिंग घेतो आणि चांगल्या खांद्यावर घालतो. काही आठवड्यांनी त्याच्याकडे दोन बिघडलेले खांदे असतात. हवाईत १९८०च्या सुमारास जन्मलेली ही कड्यांची झोळी तान्ह्या मुलाला दहा मिनिटं घेण्यासाठी झकास आहे, पण दुखऱ्या खांद्याच्या माणसाने तिच्या प्रेमात पडू नये. तिसरा माणूस फ्रोजन शोल्डरवाला, म्हणजे आखडलेल्या खांद्याचा, आणि त्याची गोष्ट निराळीच. हे नाव बोस्टनच्या अर्नेस्ट कोडमन या सर्जनने १९३४ साली दिलं. चाळिशी ते साठीत, बायकांत जास्त आणि मधुमेह्यांत बरंच जास्त आढळणारं हे दुखणं वर्ष-दोन वर्षं मुक्काम करतं. उशिरा आईबाप झालेले आणि नातवंडासाठी सहा महिन्यांच्या व्हिसावर न्यू जर्सीला गेलेल्या आज्या, दोघांनाही ते गाठतं. त्याची अडचण भाराची नंतर, बक्कलची आधी. बहुतेक कॅरिअरचं एक बक्कल मानेच्या मागे, दोन फऱ्यांच्या मध्ये असतं. ज्या बाईला ब्लाउजचा मागचा हुक लावता येत नाही, ज्या पुरुषाला मागच्या खिशातलं पाकीट काढताना कळ येते, त्यांच्यासाठी ते बक्कल म्हणजे हिमालय. डोक्यावरून टी-शर्टसारखी घालायची झोळी तर त्याहून वाईट, कारण हातच वर जात नाही. त्यांनी फक्त एक बघावं: सगळी बक्कलं बरगडीच्या बाजूला नाहीतर समोर लावता येतात का? येत नसतील तर मऊपणा, रंग आणि जिराफ यांची चौकशी करायची गरज नाही.

लांब कापडाच्या रॅपबद्दल लोकांना फार ओढ असते, आणि त्यात तथ्य आहे. नीट गुंडाळलं तर ते दोन्ही खांद्यांवर आणि सगळ्या पाठीवर भार पसरवतं, तेवढं कुठलाही गादीदार पट्टा पसरवत नाही. नेहमीचा रॅप साडेचार-पाच मीटर असतो, म्हणजे आपल्या साडेपाच मीटरच्या सहावारीहून थोडा आखूड. तेव्हा सहावारी नेसता येणाऱ्या बाईला रॅप जमणार नाही म्हणणं हा तिचा अपमान आहे. (कपाटातली जॉर्जेट मात्र काढू नये, ती घसरते. मूल घसरायचं नसतं.) तरीही दुखऱ्या खांद्याला रॅप गुंडाळताना दोन्ही हात चार-चार वेळा मागे न्यावे लागतात, आणि पार्किंगमध्ये बांधायची वेळ आली तर त्याची टोकं आधी गाडीखालचं ऑइल पुसून घेतात. हिपसीट नावाचा प्रकार मला याहून प्रामाणिक वाटतो. कमरेला रुंद पट्टा, त्याला पुढे फोमची छोटी फळी, त्या फळीवर मूल. बघताना विचित्र दिसतं, पोटाला स्टूल फुटल्यासारखं. पण ती आपली कड आहे, कंपनीने शिवलेली. बसता येणाऱ्या, म्हणजे सहा महिन्यांपुढच्या मुलालाच ती चालते आणि एक हात मुलाच्या पाठीशी ठेवावाच लागतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे हवे असणाऱ्यांना ती पुरत नाही. मात्र खांद्याच्या डोक्यावरून भार पूर्ण उतरवणारी सहज मिळणारी वस्तू हीच.

कमरेच्या पट्ट्याला एक आक्षेप मात्र खराखुरा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या २१.५ टक्के बाळंतपणांत सिझेरियन झालेलं दिसतं, म्हणजे पाचांत एक. त्या आईच्या टाक्यांवर पट्टा येणार असेल तर तिने डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत थांबावं, आणि तोवर मूल बापाच्या अंगावर असावं. बापाला यात लाजण्यासारखं काही नाही. मंत्रिमंडळापासून पालखीच्या भोयांपर्यंत खांदेपालट ही प्रतिष्ठित परंपरा आहे. भोई तर ठरावीक अंतरावर खांदा बदलतात, दुखायला लागायची वाट बघत नाहीत. अडचण एकच येते. नवरा सहा फूट, बायको पाच फूट, कॅरिअर एक, आणि प्रत्येक वेळी पट्टे जुळवून घ्यायचे. नवऱ्याच्या मापाला सैल सोडलेले पट्टे तसेच अंगावर चढवून बायको निघते आणि संध्याकाळी मान धरून बसते. ‘ॲडजस्ट करणे’ या क्रियापदाचा मराठी संसारातला सगळा अनुभव या बाबतीत एका बाजूचाच आहे. दोघांची मापं पट्ट्यावर दोन रंगांच्या दोऱ्यांनी टाचून ठेवली तर हा प्रश्न दहा रुपयांत सुटतो.

उरलेले आक्षेप किरकोळ. ‘सारखं अंगावर घेतलं तर हाताची सवय लागेल’ हा त्यातला सर्वांत लोकप्रिय. मॉन्ट्रियलला केलेल्या आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जास्त वेळ घेतलेली बाळं सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली. पुढच्या प्रयोगांत इतका फरक दिसला नाही. म्हणजे फायदा बढवून सांगू नये, पण सवयीची भीतीही घालू नये. पाचवीतलं कुठलंही मूल झोळीतून शाळेत जात नाही. ‘त्यापेक्षा बाबागाडी घ्या’ म्हणणाऱ्यांनी ती आधी पुण्याच्या फुटपाथवरून शंभर पावलं ढकलून दाखवावी, दुचाकी, झाड, पाणीपुरीची गाडी आणि विजेचा खांब ओलांडत. दादरच्या पुलाचं तर नावच काढायला नको. मात्र गॅसजवळ उभं राहताना आणि स्कूटरवर बसताना झोळी चालत नाही. तिथे आक्षेप घेणारे बरोबर आहेत.

म्हणून दुकानात जाताना पाच किलो तांदळाची थैली सोबत न्यावी. झोळी आपली आपण, कुणाच्या मदतीशिवाय अंगावर चढवावी. आधी कमरेचा पट्टा हाडावर टेकवून आवळावा, मग खांद्याचे, आणि थैली घालून वीस मिनिटं दुकानात फिरावं. खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकली तर भार कमरेवर आहे. खांदा तिथेच कुरकुरला तर पुढची झोळी मागावी. दुकानदार हसला तर हसू द्यावं, गिऱ्हाईक तांदूळ कडेवर घेऊन आलंय म्हटल्यावर कुणीही हसेल. थैलीचं तोंड तेवढं घट्ट शिवलेलं आहे ना, हे घरून निघतानाच बघावं.